पहिल्या विधेयकाची गंमत

फलक लाल झाला तशी लॉर्ना डेकर्ट हसली. हसायचं हे आधीच ठरलेलं होतं. सभापतींच्या मागच्या भिंतीवर दोन मोठे फलक, त्यांवर एकशे एक आमदारांची नावं, नावापुढे दिवा. विधेयकाच्या बाजूनं मत दिलं की हिरवा, विरोधात दिलं की लाल. सगळ्या भिंतीवर तिचा एकटीचा दिवा हिरवा होता, बाकीचे शंभर लाल, आणि त्या शंभरातले कितीतरी जण खुर्च्या वळवून तिच्याकडे बघत होते, गाल फुगवून, कारण तोंडात तिनंच केलेले पाव होते. नव्या सदस्याचं पहिलं विधेयक आलं की सगळ्यांनी आधी लाल बटण दाबायचं, त्याचा पडलेला चेहरा पाहायचा, आणि मग एकेकानं हसत हसत हिरवं करायचं, ही इथली जुनी गंमत. कुणी सुरू केली ठाऊक नाही, पण पक्ष कुठलाही असो, तिच्यात सगळे एक होतात. दुसऱ्या कशात एक झालेले लॉर्नानं अडीच महिन्यांत पाहिले नव्हते. शेजारच्या खुर्चीतल्या ऑर्व्हिल टिबेट्सनं तिला चार वेळा बजावलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, तिच्या नवऱ्याचा, व्हर्जिलचा, सतरा वर्षांचा बाकशेजारी. "हे बघ लॉर्ना, तोंड पाडायचं नाही. पडलं की संपलीस, अधिवेशनभर टर उडवतील तुझी. हसायचं. व्हर्जिल हसायचा तसं मोठ्यानं. म्हणजे म्हणतील, बाई आपल्यातली आहे." म्हणून ती मोठ्यानं हसली. समोरचा माइक चालूच होता, त्यामुळे ते हसू सगळ्या सभागृहात घुमलं आणि टाळ्या पडल्या.

मग दिवे पालटायला लागले. आधी विरोधी पक्षाच्या रांगेतले, एक, चार, दहा. मग इकडचे तिकडचे दोन-तीन. ती प्रत्येक हिरव्या दिव्याला मान लववत होती, लग्नात आलेल्यांना लववतात तशी. वीस झाले. तीस झाले. छत्तीस, सदतीस, अडतीस. आणि तिथं थांबले. तिला वाटलं, आता मुद्दाम ताणताहेत, म्हणून ती आणखी हसली, आणि गालांना रग लागल्याचं तिला जाणवलं. फोटो काढणारा बटण दाबायला उशीर करतो तेव्हा लागते तशी. "कुणाला मत बदलायचं आहे का?" सभापतींनी विचारलं. हे विचारायचीही पद्धतच आहे. खोकल्याचा आवाज आला, कागदाची पिशवी चुरगळल्याचा आवाज आला. ऑर्व्हिल बोटाला लागलेला कोबी रुमालाला पुसत होता, फार निगुतीनं, एकेक बोट. "मतदान बंद," सभापती म्हणाले, चिटणीसबाईंनी कळ दाबली आणि आकडे उमटले. अडतीस विरुद्ध त्रेसष्ट. विधेयक पडलं. पुढचा विषय एका पुलाला नाव देण्याचा होता आणि त्याचं वाचन सुरूसुद्धा झालं, तरी लॉर्नाच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं नव्हतं. ते कसं उतरवायचं तेच तिला सुचत नव्हतं.

हसू तिचं नव्हतंच मुळी, व्हर्जिलचं होतं. माणूस गेल्यावर त्याचे कोट वाटून टाकता येतात, हसण्याचं काय करायचं? अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिनं ते त्याच्याकडून घेतलं होतं. जत्रेतल्या मिरवणुकीत उघड्या गाडीवर बसून हसायचं, चर्चच्या तळघरातल्या पॅनकेकच्या न्याहारीला दारात उभं राहून हसायचं, त्यानं तोच तो गायीचा विनोद शंभराव्यांदा सांगितला तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसायचं. ऑक्टोबरात व्हर्जिल हरणाच्या शिकारीला गेला आणि झाडावरच्या मचाणातच बसल्या बसल्या गेला. हृदय. तिसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या पक्षसमितीनं त्याच्या उरलेल्या मुदतीसाठी तिला नेमलं. विधवेला खुर्ची द्यायची, तिनं ती गरम ठेवायची आणि उन्हाळ्यातल्या निवडणुकीत कुणा पुरुषाला मोकळी करून द्यायची, असा हा रिवाज. समितीचा अध्यक्ष अंत्ययात्रेनंतरचं हॅमचं सँडविच खात तिला म्हणाला होता, "लॉर्नाबाई, तुम्हाला काही करायचं नाहीये. व्हर्जिल जसं मत द्यायचा तसं द्यायचं, बस." ती हसली होती. तेव्हासुद्धा.

पण तिला करायचं होतं. एकच करायचं होतं. तिचा धाकटा भाऊ एमेट उनरू राज्याच्या तुरुंगात सव्वीस वर्षं होता आणि आता तिथल्या दवाखान्यात पडून होता, यकृताचा कॅन्सर, पिवळा झालेला. डॉक्टर म्हणाले होते, गव्हाच्या कापणीपर्यंत काढेल, म्हणजे जूनपर्यंत. तेविसाव्या वर्षी तो एका दारूच्या दुकानाबाहेर गाडी चालू ठेवून बसला होता. आत त्याच्या मित्रानं दुकानदाराला गोळी घातली. इथल्या कायद्यात आत गोळी घालणारा आणि बाहेर चाकामागं बसलेला, दोघंही सारखेच खुनी. गाडी त्याला लॉर्नानंच शिकवली होती. ती अठराची, तो बाराचा, वडिलांचा जुना ट्रक, पेरलेल्या शेतांमधला सरळ रस्ता, धूळ. पाय पुरत नाहीत म्हणून त्याच्या पाठीमागे तिनं मोठं बायबल ठेवलं होतं. "लॉर्नी, सोडू का क्लच? सोडू?" दर वेळी विचारायचा. अजून स्वप्नात विचारतो. मरायला टेकलेल्या कैद्याला घरी सोडायची तरतूद कायद्यात आहे, नाही असं नाही. फक्त डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं की हा तीस दिवसांच्या आत मरेल, आणि त्या अर्जाचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला पंचेचाळीस दिवस लागतात. नऊ वर्षांत एकही जिवंत माणूस त्या तरतुदीनं घरी पोचलेला नाही. लॉर्नाच्या विधेयकात एकच ओळ होती: तीस दिवसांच्या जागी सहा महिने. मागच्या बाजूची खोली तिनं रंगवून घेतली होती. खाट खिडकीशी लावली होती, पडल्या पडल्या गहू दिसेल अशी.

पहिल्या विधेयकाच्या दिवशी नव्यानं आपल्या गावचा खाऊ प्रत्येक टेबलावर ठेवायचा, हाही रिवाजच. लोक चॉकलेटं आणतात, भुईमुगाची चिक्की आणतात. लॉर्नानं आजीच्या पद्धतीचे बिरॉक केले, कोबी आणि खिमा भरलेले पाव, एकशे दहा. दोन दिवस कणीक मळून तिची मनगटं सुजली. सगळ्यांनी खाल्ले, आणि खाता खाताच प्रश्नांच्या फैरी सुरू झाल्या, कारण पहिल्या विधेयकावर आचरट प्रश्न विचारायचे असतात. एकानं विचारलं, पावात कांदा किती ते विधेयकात का लिहिलं नाही? दुसऱ्यानं विचारलं, सहा महिन्यांत मेला नाही तर पैसे परत मिळणार का? हशा. तिच्याच पक्षाचा नेता क्लेटन रस्क उठला, उंच, देखणा, बोलताना दर वेळी एक हात खिशात. "सन्माननीय सदस्यांना माहीत आहे का, ही तीस दिवसांची अट मुळात कुणी घातली?" त्यावर जुने सदस्य फारच हसले, टेबलं वाजवून हसले. तिला कारण कळलं नाही, पण तीही हसली. मग रस्क थांबला, घास गिळला, आणि गोड आवाजात म्हणाला, "शेवटचा प्रश्न. नियमाप्रमाणे विचारावाच लागतो. या विधेयकाचा फायदा होईल असं सदस्यांच्या घरात, नात्यात कुणी आहे का?"

त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. सतरा वर्षं व्हर्जिलच्या पाठीमागे ते कुजबुजत आले होते, की याचा मेहुणा आत आहे. लॉर्ना दर दोन महिन्यांनी त्याला भेटायला जायची आणि शेजारणींना सांगायची, दातांच्या डॉक्टरकडे चालले. तिचे दात उत्तम आहेत. या प्रश्नाबद्दल ऑर्व्हिलनं तिला आधीच सांगून ठेवलं होतं: भावाचं नाव काढलंस की विधेयक मेलं. बहीण भावासाठी कायदा करते म्हणतील. नाव घ्यायचं नाही, विनोदावर न्यायचं. आणि खरंच, त्या क्षणी तिच्या तोंडून व्हर्जिलच्याच तोऱ्यात उत्तर निघालं. दोन बोटं हवेत नाचवून ती म्हणाली, "सध्या तरी नाही!" सभागृह कोसळलं. रस्कसुद्धा मान मागे टाकून हसला. लॉर्नाच्या छातीत काहीतरी ऊबदार पसरलं, आपलं जमलं असं तिला वाटलं, आणि ते सुख होतं हे तिला नंतर कधीही नाकारता आलं नाही. त्यानंतर मिनिटाभरात मतदान.

पुलाला नाव देऊन झाल्यावर तिनं ऑर्व्हिलला बाहेरच्या संगमरवरी खांबांपाशी गाठलं. जाणारे-येणारे तिचा खांदा थोपटत होते. "पाव काय झाले होते हो डेकर्टबाई!" "आजीची पद्धत वाटतं?" खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं तिनं पाहिली होती, ही वासे मोजून वर आणखी एक पाव मागत होती. एकीनं तर कृतीच लिहून मागितली, आणि लॉर्ना तिला सांगतही राहिली, कोबी आधी मिठात चोळायचा म्हणून.

"ऑर्व्हिल, तुमचा दिवा लाल होता."

"अगं, सगळ्यांचाच होता आधी."

"आधी नाही. शेवटी."

म्हातारा टोपी फिरवत राहिला. "ऑगस्टात माझ्यासमोर पक्षातलाच एक उभा राहतोय. त्या दुकानदाराची विधवा जिवंत आहे लॉर्ना. तिच्या तोंडाचा फोटो छापून घरोघर पत्रं टाकतील, टिबेट्सनं खुन्यांना सोडलं म्हणून. तुझं काय, तुला कुठं उभं राहायचंय?"

"मग मला तसं सांगायचं ना. मी विधेयक मागे घेतलं असतं, समितीत ठेवलं असतं, काहीही केलं असतं."

"सांगणार होतो. पण तू अशी काही छान हसत होतीस…" तो खरोखरच हळवा झाला होता. "खरं सांगू? तुझ्या हसण्यानं आम्हा सगळ्यांना सोपं गेलं. बाईला इतकं काही लागत नाहीये असं वाटलं."

लॉर्नाला खांबाचा गारवा पाठीतून आत जाताना कळत होता. ती म्हणाली, "फेरविचार मागता येतो. मी नियम वाचलेत. उद्या."

"येतो. पण मागायचा तो जिंकलेल्या बाजूच्या माणसानं. लाल मतवाल्यानं." आणि मग, शिकवायच्या सवयीनं, "पडणार असं दिसलं की शहाणा माणूस शेवटच्या क्षणी स्वतःचंच मत लाल करतो. आपल्याच विधेयकाविरुद्ध. म्हणजे दुसऱ्या दिवशी फेरविचार मागायचा हक्क आपल्या हातात राहतो. सभापतींनी तुझ्याकडे बघून विचारलं की, मत बदलायचंय का म्हणून. चांगला माणूस आहे तो, मुद्दाम थांबला होता तुझ्यासाठी."

ही युक्ती इथं शिपायालासुद्धा ठाऊक होती. तिचं बोट बटणापासून चार इंचांवर होतं आणि ती हसत होती. ऑर्व्हिलचा कोपर तिच्या कोपराला लागत होता, त्यानं नुसतं ढोसलं असतं तरी पुरे होतं. पण तो बोटं पुसत होता.

"तुम्ही मागा ना फेरविचार. एक वाक्य आहे फक्त. पत्रं टाकतात त्यांना कळायचंसुद्धा नाही."

"बघू. सकाळी बघू."

"आणि ते तीस दिवस? रस्क म्हणाला, अट कुणी घातली म्हणून, त्यावर सगळे हसले ते का?"

ऑर्व्हिलनं तिच्याकडे पाहिलं, आणि या बाईला खरंच ठाऊक नाही हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं. "व्हर्जिलनं," तो म्हणाला. "मूळ विधेयकात सहा महिनेच होते. दुरुस्ती त्याची. मी पाठिंबा दिला होता. मला वाटलं, तुला सांगितलं असेल त्यानं."

सांगितलं होतं की. नऊ वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ तिला नीट आठवत होती. व्हर्जिल राजधानीतून शनिवारचा घरी आला, कोट खुर्चीवर टाकला आणि म्हणाला, "आज तुझ्या भावासाठी एक काम केलंय. मरायला टेकलेल्यांना आता घरी सोडणार. कायदा झाला." त्याच्या तोंडून एमेटचा उल्लेख लग्नानंतर तिसऱ्यांदा आला असेल. ती रडली होती, त्याच्या गळ्यात पडली होती, आणि चेरी-पाय हा गोड पदार्थ भाजला होता, मार्चात चेऱ्या कुठल्या, डब्यातल्या. त्यानं दोन तुकडे खाल्ले आणि दुसरा खाताना डोळा मारला. ते डोळा मारणं तिनं नऊ वर्षं जपून ठेवलं होतं, प्रेम म्हणून. भांडणात आठवायची, एमेटच्या भेटीहून परतताना गाडीत आठवायची, मचाणातून त्याला उतरवून आणलं तेव्हा तर फार आठवलं. आणि आता ती खांबाला टेकून तोच डोळा पुन्हा पुन्हा पाहत होती, आणि त्यात काय होतं ते तिला धडपणे ठरवता येत नव्हतं. कदाचित त्याला नुसती चव आवडली असेल. माणूस मेला की त्याच्याशी भांडतासुद्धा येत नाही, हा त्यातला मोठा चावटपणा.

गुरुवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. झाडणाऱ्यांनी टेबलं पुसली होती तरी सभागृहाला कोबीचा शिळा वास येत होता. ऑर्व्हिल आला, "आज वारा काय सुटलाय बाहेर," म्हणाला, बसला. प्रार्थना झाली, झेंड्याला वंदन झालं. सभापतींनी विचारलं, "कालच्या कामकाजावर कुणाचा ठराव?" आणि ते थांबले. पुन्हा थांबले, भला माणूस. त्रेसष्ट जणांपैकी कुणीही एकानं एक वाक्य म्हणायचं होतं. लॉर्नानं ऑर्व्हिलकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते, प्रार्थना अजून पुरी व्हायची असल्यासारखे. तिनं टेबलाखालून त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो दाबला, मायेनं दाबला, आणि सोडून दिला. "ठराव नाहीत," सभापती म्हणाले.

त्याच सकाळी टॅनर विब नावाच्या एका तरण्या आमदाराचं पहिलं विधेयक होतं, राज्याचं अधिकृत गवत ठरवण्याचं. त्याच्या बायकोनं केलेल्या बिस्किटांच्या पिशव्या टेबलांवर होत्या. फलक लाल झाला. पोरगं पांढरंफटक पडलं, त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं बहुतेक. लॉर्नाचंही बोट लाल बटणावर होतं आणि तिच्या गळ्यातून हसू वर येत होतं, तेच हसू, आपोआप. सगळ्यांबरोबर ती हसली. मग दिवे भराभर हिरवे झाले, शंभरच्या शंभर, आणि लोक तिच्याकडे वळून बघायला लागले, कारण आता तिचा एकटीचा लाल राहिला होता. कुणीतरी ओरडलं, "शिकली बाई!" ऑर्व्हिल कौतुकानं मान हलवत होता. त्या पोराचं तोंड पुन्हा उतरलं, आणि ते बघायला तिला बरं वाटलं. तिनं दिवा तसाच ठेवला. शंभर विरुद्ध एक.

गुरुवारी दुपारी बारा वाजता तुरुंगातून फोन यायचा. यंत्रातली बाई आधी बजावायची की हा फोन कैद्याचा आहे आणि पंधरा मिनिटांनी बंद होईल. लॉर्ना जिन्याखालच्या कोनाड्यात जाऊन उभी राहिली. एमेटचा आवाज लांबून आला, ओल्या कापडातून आल्यासारखा.

"लॉर्नी. पाव आवडले का लोकांना?"

"आवडले."

"आजीसारखे झाले होते?"

"हो. उरला नाही एकही." ती घाईनं बोलायला लागली. कागद हळू फिरतात पण फिरतात, गव्हर्नरकडे वेगळा अर्ज करता येतो, जानेवारीत नवं अधिवेशन आहे. जानेवारी म्हटल्यावर ती थांबली. तिकडून श्वास ऐकू येत होता, एक आत, बराच वेळ काही नाही, एक बाहेर.

"आम्ही ऐकलं सगळं," एमेट म्हणाला. "इथल्या नर्सनं लावून दिलं होतं, थेट प्रक्षेपण. चांगली आहे ती. आठ खाटा आहेत इथं, आठही जण उठून बसले होते, ज्यांना बसता येतं ते. म्हाताऱ्या अर्नीनं तर दाढी करून घेतली होती. त्याचेही महिने मोजलेत."

"एमेट, मला तसं म्हणायचं नव्हतं. त्यांनीच मला सांगितलं होतं की…"

"मला माहितीये. मी काही म्हणतोय का? छान हसलीस. आवाज चांगला होता, स्वच्छ येत होता." तो खोकला. खोकला संपायला फार वेळ लागला, आणि यंत्रातली बाई मध्येच म्हणाली की एक मिनिट उरलं आहे. "पडल्यावर नर्सनं ते बंद केलं. मग अर्नीनं विचारलं, बाई कोण होती रे ती, तुझी बहीण ना? असं तूच सांगत होतास ना महिनाभर?"

लॉर्नानं कोनाड्याच्या भिंतीला कपाळ टेकलं. वर जिन्यावरून बिस्किटं खात माणसं उतरत होती.

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, सध्या तरी नाही."